मंगळवारचं काय करायचं?

प्रश्न: आम्ही मँचेस्टरजवळ राहतो, दोघांच्याही नोकऱ्या, दोन शाळकरी मुलं. तसं वाईट काहीच चाललेलं नाहीये, पण दिवाळी संपली की जो कंटाळा चढतो तो मार्चपर्यंत उतरत नाही. सोमवार ते शुक्रवार नुसते ढकलायचे, वीकेंडला घर आवरणं, किराणा, मंडळाचा कार्यक्रम. इंडियाची तिकिटं काढली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं. सगळे म्हणतात पॉझिटिव्ह राहा, पण म्हणजे नक्की करायचं काय?

उत्तर: ताई, आधी त्या "पॉझिटिव्ह राहा" वाल्यांचं फार मनावर घेऊ नका. रोज सकाळी सूर्योदयाच्या फोटोवर सुविचार पाठवणाऱ्यांच्या गावात वेळेवर सूर्य उगवतो तरी, तुमच्याकडे डिसेंबरात सव्वाआठ वाजले तरी अंधार आणि दुपारी चारच्या आत परत दिवे लावायचे. सगळा दोष मनाला देऊ नका, थोडा हवेलाही द्या.

आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, ती म्हणजे फोनची वेळ. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तुमच्याकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि इंडियाशी साडेचार तासांचा फरक साडेपाच होतो. उन्हाळ्यात संध्याकाळी साडेपाचला ऑफिसातून निघताना फोन लावला की तिकडे रात्रीचे दहा, आई सिरियल बघत जागी असायची, नोव्हेंबरात त्याच वेळेला तिकडे अकरा वाजलेले आणि आई कधीच झोपलेली. मग फोन आपोआप शनिवारवर जातो, आणि शनिवारी आठवड्याचं साचलेलं बोलायचं म्हणजे तब्येत, औषधं, सोसायटीचं भांडण असा रिपोर्टच होतो. म्हणून हिवाळ्यात फोन सकाळी हलवा. सव्वासातला डबे भरताना स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवून द्या, तिकडे पाऊण वाजलेला असतो, पानं घ्यायची वेळ. विशेष काही बोलायची गरज नाही, तिकडे कुकरची शिट्टी आणि इकडे मोजे सापडत नाहीत म्हणून आरडाओरडा, दहा मिनिटं पुष्कळ झाली.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येते. परदेशात आपण सगळे सण उचलून शनिवारवर ठेवलेत. गणपतीचा कार्यक्रम शनिवारी, कोजागिरी शनिवारी, हळदीकुंकू शनिवारी. मंडळाचा काही दोष नाही, हॉल आणि सुट्टी दोन्ही तेव्हाच मिळतं. पण त्यामुळे सगळं ताटाच्या एकाच कोपऱ्यात वाढल्यासारखं झालंय आणि बाकी ताट रिकामं. घरी आठवून बघा, श्रावणी सोमवारचा उपास, मंगळागौर मंगळवारी, जिवतीचा शुक्रवार, मार्गशीर्षातले गुरुवार. आपल्या आज्यांनी आठवड्याच्या मधोमध काहीतरी ठेवलेलंच होतं, त्यात देवाचं किती आणि त्यांना हवा असलेला चेंज किती ते त्यांनाच ठाऊक! देवधर्म करत असाल तर मार्गशीर्षातले गुरुवार तर नेमके तुमच्या ऐन अंधाराच्या दिवसांत येतात, आयतेच आहेत, घट मांडा, शेजारच्या दोघींना बोलवा. करत नसाल तरी एक वार ठरवा आणि तो मोडू नका.

मी तर म्हणेन मंगळवारी थालीपीठ. पुण्याहून आणलेली भाजणी फ्रीजरमध्ये "पाहुणे आले की" म्हणून पडून असते ना, तीच काढा. कांदा, कोथिंबीर घालून भिजवा, मुलांना थापू द्या, मधे भोक पाडणं हे धाकट्याचं काम, भोकात तेल सोडून झाकण ठेवायचं आणि कडा लालसर झाल्या की ओट्यापाशी उभ्या उभ्याच लोणी लावून खायचं. टेबल मांडायचं नाही, भाजी नाही, "होमवर्क झाला का" विचारायचं नाही. स्मोक अलार्म वाजणार हे गृहीत धरा, त्याच्याखाली टॉवेल हलवायची ड्यूटी मोठ्याला द्या, त्यात मुलांना थालीपिठापेक्षा जास्त मजा येते.

ऑफिसचं म्हणाल तर कामातच मजा यायला पाहिजे हा हट्ट सोडा, कामाच्या दिवसात कुठेतरी आली तरी पुरे. लवकर निघता यावं म्हणून आपण डेस्कवरच डबा खातो, तोही गारच, कारण मायक्रोवेव्हमध्ये गरम केला तर वास येईल ही भीती. त्यापेक्षा साडेबाराला कोट चढवून वीस मिनिटं बाहेर पडा. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड ऑफिसातल्या ट्यूबपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि घरी जाईपर्यंत तो संपलेलाच असणार. चहाच्या राउंडमध्येही घुसा, म्हणजे आज तुम्ही सगळ्यांचा चहा करायचा, उद्या दुसरा कोणीतरी, सोबत चिवड्याचा डबा उघडा ठेवायचा, गप्पा आपोआप होतात. आणि हो, बाहेर कॉफी घेताना पौंडाला शंभराने गुणणं बंद करा, इतकी वर्षं तिथेच कमावताय आणि तिथेच खर्च करताय.

इंडियाची तिकिटं काढा की, जरूर काढा, पण त्यांच्या जोडीला फेब्रुवारीत जवळपासचं काहीतरी बुक करून ठेवा, अगदी ट्रेनने एक दिवस लिव्हरपूल सुद्धा चालेल. नाहीतर जानेवारीत संक्रांतीचे तिळगूळ वाटून झाले की मार्चपर्यंत कॅलेंडर कोरंच.

थोडं तब्येतीचं. एनएचएस, म्हणजे तुमच्याकडची सरकारी आरोग्यसेवाच सांगते की हिवाळ्यात सगळ्यांनी रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांनी तर वर्षभर. गोळ्या सुपरमार्केटमध्ये स्वस्तात मिळतात. पण दोन आठवड्यांच्या वर रोजच उदास वाटत असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आवडीचं सुद्धा नको वाटत असेल तर ते नुसत्या कंटाळ्याचं लक्षण नाही, तेव्हा थालीपिठावर भागवू नका, जीपीकडे, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे जा. इंग्लंडमध्ये एनएचएस टॉकिंग थेरपीजकडे, म्हणजे बोलून मनावर उपचार करणाऱ्या सेवेकडे, जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतःच ऑनलाइन नाव नोंदवता येतं, पैसे पडत नाहीत, आणि मनातलं इंग्रजीत बोलणं जड जात असेल तर दुभाषा मागता येतो, तेवढं नाव नोंदवतानाच सांगून ठेवा.