सर्व्हर वाढवले, तरी साइट का बसते?

प्रश्न : मॅडम, आम्हा काही आंबा बागायतदारांची मिळून एक साइट आहे. हापूसच्या पेट्यांचं बुकिंग सकाळी नऊला खुलं होतं आणि पहिल्या दोन-तीन मिनिटांतच साइट बसते. दोनाचे पाच सर्व्हर केले, तर त्रास उलट वाढला. डेटाबेस पोस्टग्रेस आहे, एरर येते 'टू मेनी क्लायंट्स'. मित्र म्हणतात, सगळं मोडून मायक्रोसर्व्हिसेस, म्हणजे छोट्या-छोट्या स्वतंत्र सेवा, करा. करावं का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नको, ऐन हंगामात तर मुळीच नको. दुखणं कुठे आहे ते ती एररच सांगतेय : डेटाबेसला एकाच वेळी जोडलेले फार झालेत.

पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी, म्हणजे सर्व्हरने डेटाबेसशी केलेल्या प्रत्येक जोडणीसाठी, वेगळी प्रोसेस (स्वतंत्र चालणारा प्रोग्रॅम) उभी करतो. सेटिंगला हात लावला नसेल तर मर्यादा 100, त्यांतली 3 सुपरयूजरसाठी, म्हणजे डेटाबेसच्या मुख्य प्रशासकासाठी, राखीव. तुमच्या वाट्याला 97. आता कोडमधला पूल साइझ बघा, म्हणजे एक सर्व्हर जास्तीत जास्त किती कनेक्शनं उघडतो तो आकडा. तो 20 असेल, तर दोन सर्व्हर मिळून 40 कनेक्शनं मागत होते; पाच मिळून 100 मागतात.

मर्यादाच 500 करून टाकावी असं वाटेल. मी ते केलंय, एका बस-तिकिटांच्या साइटवर, दिवाळीच्या आठवड्यात. एरर गेली, पण शेकडो प्रोसेस प्रोसेसरच्या त्याच आठ कोअरवर ओढाताण करू लागल्या आणि एकूण एक क्वेरी रखडली. लोकांचे पैसे कापले गेले, तिकीट मिळालं नाही. त्या रात्री फोनवर एक आजोबा काय बोलले ते मी विसरलेले नाही.

तेव्हापासून मी आधी एक गुणाकार करते : सेकंदाला किती ऑर्डरी, गुणिले एक ऑर्डर कनेक्शन किती वेळ अडवते. जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेला रांगेचा नियम तो हाच. समजा सेकंदाला 50 ऑर्डरी, प्रत्येकी 2 सेकंद, म्हणजे सरासरी 100 कनेक्शनं गुंतलेली. तोच वेळ 20 मिलिसेकंदांवर आणलात, तर सरासरी एक!

हे 2 सेकंद जातात कुठे? माझा दाट संशय असा, की ट्रान्झॅक्शन (एकत्रच पुरे व्हायचे डेटाबेसमधले बदल) उघडं ठेवून तुम्ही पेमेंट गेटवेच्या, म्हणजे पैसे घेणाऱ्या सेवेच्या, उत्तराची वाट बघता आणि एसएमएसही तिथूनच पाठवता. नऊच्या ठोक्याला 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी' बघा, म्हणजे कोणतं कनेक्शन काय करतंय ते दाखवणारी पोस्टग्रेसची यादी. 'आयडल इन ट्रान्झॅक्शन'च्या (ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून नुसतं बसलेल्या कनेक्शनांच्या) ओळींवर ओळी दिसल्या, तर तेच.

मग क्रम बदला. 'शिल्लक पुरेशी असेल तरच वजा कर' अशा एकाच अपडेटने पेटी राखून ठेवा, ट्रान्झॅक्शन मिटवा आणि त्यानंतर गेटवेकडे जा. दहा मिनिटांत पैसे आले नाहीत तर पेटी मोकळी करा. त्यानंतर आले तर लगेच परत करा. गेटवेचा एकच निरोप दोनदा येऊ शकतो, तेव्हा ऑर्डर क्रमांक तपासून दुसरा सोडून द्या. इथे चूक झाली तर एकच पेटी दोघांना विकली जाते, म्हणून हा भाग दोघांनी बसून वाचा. एसएमएस वेगळ्या रांगेत टाका, तो दोन मिनिटं उशिरा गेला तरी चालतं. एवढं झाल्यावर डेटाबेसपुढे पीजीबाउन्सर लावा; थोडीच कनेक्शनं सगळ्यांना आळीपाळीने वापरू देणारा तो प्रोग्रॅम आहे.

मायक्रोसर्व्हिसेसचं म्हणाल, तर स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या मोठ्या साइटने 2016 साली आपली मांडणी जाहीर केली तेव्हा त्यांच्याकडे 11 वेब सर्व्हर आणि 4 डेटाबेस सर्व्हर होते, आणि मुख्य ॲप एकसंधच होतं. तुमचा व्याप त्यांच्याहून खूप लहान आहे. तुकडे केलेत तर प्रत्येक ऑर्डरला नेटवर्कच्या आणखी फेऱ्या पडतील आणि ते 2 सेकंद वाढतील.

नऊ ते नऊ-पाचमधली ती 'पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी'ची यादी, ग्राहकांची माहिती काढून, मला पाठवा. आंबा संपायच्या आत बघून कळवते.