ती आधी तुमच्याकडे का बघते?

प्रश्न : माझी मुलगी साडेदहा वर्षांची आहे. मे महिन्यात आमच्या भागात फक्त मुलींसाठी दिवसभराचे उन्हाळी शिबिर भरते, तिथे ती जाते. प्रत्येक घरातून कोणीतरी निदान दोन दिवस स्वयंसेवक म्हणून यावे, अशी शिबिराची अट आहे. मी मात्र पहिल्या दिवसापासून रोज जाते आणि मुलीच्याच गटात मदत करते. बाकीच्या आया आपले दोन दिवस कसेबसे उरकतात. ‘मुलींच्या शिबिरात माझे काय काम’ असे म्हणून माझे यजमान एकदाही आलेले नाहीत. मुलगी गुणी आहे, काहीही करण्याआधी ती माझ्याकडे बघते, त्यामुळे तिचा कोणाला त्रास नाही. असे असताना संयोजिकाबाईंनी मला सोमवारपासून गट सोडून नोंदणीच्या टेबलावर बसायला सांगितले आहे. एवढे करून असा मान मिळणार असेल, तर मी नाव काढून घ्यावे का?
— एक आई, मुलुंड

उत्तर : तुम्ही संयोजिकाबाईंविषयी, इतर आयांविषयी आणि यजमानांविषयी सविस्तर लिहिले आहे. मुलीच्या वागण्याविषयी मात्र एकच वाक्य आहे, आणि तेही तिचे कौतुक म्हणून. मी त्या वाक्याशी थांबले आणि पुढचे सगळे पत्र मला त्याच्याच उजेडात दिसू लागले.

मातीचा गोळा हातात घेण्याआधी, गाण्यात आवाज मिसळण्याआधी, कोणाशेजारी बसायचे हे ठरवण्याआधी साडेदहा वर्षांची मुलगी आईचा चेहरा वाचत असेल, तर त्याला गुणीपणा म्हणू नका. ती परवानगी मागते आहे. घरात, शाळेत, क्लासमध्ये ती वर्षभर परवानगी मागतच असते, आणि ती मागावी लागणार नाही असे उन्हाळ्यातले थोडेसे दिवस तिला मिळाले होते, तिथेही तुम्ही तिच्यासमोर बसून आहात. हे वाचून मला तुमच्याबद्दल नव्हे, तिच्याबद्दल वाईट वाटले.

लहान गटांची ही पद्धत कोणी सोय म्हणून काढलेली नाही. आपल्या देशात गाईड चळवळ 1911 साली जबलपूरला सुरू झाली. सहा-आठ मुलींचा गट असावा, त्याची नायिका त्या मुलींमधलीच असावी आणि कामाची वाटणी, रुसवेफुगवे, चुका हे सारे त्यांनी आपसांत निस्तरावे, मोठ्यांनी हाकेच्या अंतरावर राहावे, ही त्या कामाची मूळ बैठक आहे. तुमचे शिबिर त्या चळवळीचे नसेलही, पण मुलींचे गट पाडण्यामागचे कारण तेच आहे. त्या गटात एका मुलीची आई रोज येऊन बसली, की नायिका कोण हे उरलेल्या मुलींना न सांगता कळते. तुमच्यासमोर तुमच्या मुलीशी कोणी भांडणार नाही, आणि या वयात दोन-चार भांडणे झाल्याशिवाय मैत्री पक्की होत नाही. संध्याकाळी घरी आल्यावर तिच्याजवळ सांगण्यासारखेही काही उरत नसणार, कारण जे घडले ते तुम्ही पाहिलेलेच असते.

उद्या शिबिराची सहल निघाली आणि मुलींना लोकलने सायनला नेऊन, एके काळच्या कचराभूमीवर वाढवलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान दाखवायचे ठरले, असे समजा. त्या दिवशी तिच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट उद्यानातली फुलपाखरे असेलच असे नाही. मुलुंड स्टेशनच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहून स्वतःचे अर्धे तिकीट मागणे आणि उरलेले पैसे मोजून घेणे ही असू शकते. तुम्ही शेजारी उभ्या असाल, तर रांग मोठी आहे म्हणून तुमची पर्स तिच्याआधी उघडेल. प्रेमानेच उघडेल, हे मी जाणते, पण तिकीट तिचे राहणार नाही.

आता त्या टेबलाविषयी, ज्याला तुम्ही अपमान समजता. सकाळी कोणती मुलगी आली आणि कोणती आली नाही, कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, कोणाचा दम्याचा पंप बॅगेत आहे, कोणाच्या घरचा कोणता फोन आधी लावायचा, हे सगळे तिथे नोंदले जाते. संध्याकाळी ‘मी तिचा काका, मी तिला न्यायला आलो’ असे म्हणणाऱ्या माणसाचे नाव घरच्यांनी दिलेल्या यादीत आहे का, हे तपासून, सही घेऊन, मगच मुलीचा हात त्याच्या हातात द्यायचा असतो, आणि नाव नसेल तर तो कितीही रागावला तरी मुलीला सोडायचे नसते. मुंबईच्या मे महिन्यात घामाने निथळलेली, डोके दुखते म्हणणारी मुलगी आधी त्याच टेबलापाशी येते, आणि तिला सावलीत बसवून पाणी किंवा मीठ-साखरेचे सरबत पाजायचे, घरी फोन करायचा की डॉक्टरांकडे न्यायचे, हे तिथल्या बाईला चटकन ठरवावे लागते. रोज न चुकता येणारी, सगळ्या मुलींना नावाने ओळखणारी व्यक्ती त्या जागी हवी म्हणून तुम्हाला विचारले गेले, हे उघड आहे. संयोजिकाबाईंनी एका निर्णयात शिबिराचेही भले केले आणि तुमच्या मुलीचेही. त्यांनी दुसरे कारण सांगायचे टाळले असेल, तर तो त्यांचा समंजसपणा आहे.

दोन दिवस येणाऱ्या आया अटीप्रमाणेच वागत आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी जणींनी त्यासाठी ऑफिसातून रजा काढली असेल. त्यांना बोल लावू नका. तुमच्या यजमानांची सबब मात्र मला मुळीच पटत नाही. पाण्याचे जार उचलणारा, सतरंज्या घालणारा, फाटकाशी उभा राहणारा बाप मुलींनी पाहायलाच हवा. तो विषय घरी त्यांच्याशी स्पष्ट बोला. त्यांच्या गैरहजेरीची भरपाई मुलीच्या गटात बसून होत नाही.

नाव काढून घेऊ नका. सोमवारचीही वाट पाहू नका. आज रात्रीच संयोजिकाबाईंना फोन करा आणि उद्या सकाळपासून मी नोंदणीच्या टेबलावर बसते, असे सांगा. मुलीला इतकेच सांगा की तुम्हाला दुसरे काम मिळाले आहे, आणि दिवसभरात तिच्या गटाकडे चक्कर मारू नका. गटात काय झाले, हे दुसऱ्या स्वयंसेविकेला विचारू नका. पहिले दोन-तीन दिवस ती तुम्हाला शोधेल, कदाचित रडेलही, आणि तेव्हा उठून जाण्याचा मोह तुम्हाला होईल. तरी टेबल सोडू नका. तिच्या गटात एक ताई आहे, तिला तिचे काम करू द्या.