प्रश्नोत्तरे: औषध कारखान्यात होज कोणता घ्यावा?

प्रश्न: भोसरीत आमचं सिरपचं युनिट आहे. सिलिकॉन होजची दोन कोटेशन्स आली आहेत, एक प्लॅटिनम-क्युअर्ड आणि दुसरं पेरॉक्साइड-क्युअर्ड (म्हणजे रबर पक्कं करायला, ‘क्युअर’ करायला, वापरलेलं रसायन वेगळं). दुसरं बरंच स्वस्त आहे आणि यूएसपी क्लास सिक्सचं (मटेरियलच्या जैविक सुरक्षिततेच्या चाचणीचं) सर्टिफिकेट दोघांकडेही आहे. मग जास्त पैसे का मोजायचे?

उत्तर: पेरॉक्साइडने क्युअर करताना बेंझोइक आम्लासारखे उपपदार्थ तयार होतात. होज नंतर भट्टीत पुरेसा वेळ तापवला (पोस्ट-क्युअर केला) नाही, तर ते रबरातच राहतात आणि पुढे बाहेर येऊ लागतात. अशा होजच्या आतून बोट फिरवलं की कधी कधी पांढरी भुकटी हाताला लागते. प्लॅटिनम पद्धतीत हे उपपदार्थ तयारच होत नाहीत. त्यामुळे औषध जिथून वाहतं त्या लाइनला प्लॅटिनमच घ्या. टाकीभोवतीच्या जॅकेटमधल्या थंड पाण्याला मात्र एवढा महाग होज कशाला? तिथे साधा रबरी चालेल.

आता सर्टिफिकेटचं. क्लास सिक्समध्ये मटेरियलचे अर्क उंदीर-सशांना टोचतात, नमुना स्नायूत बसवतात आणि प्रतिक्रिया पाहतात. मटेरियल विषारी नाही, एवढंच त्यातून कळतं. तुमच्या सिरपमध्ये, तुमच्या तापमानाला होजमधून काय उतरेल, हे त्या कागदावर नसतं. त्यासाठी एक्स्ट्रॅक्टेबल्सचा, म्हणजे होजमधून कोणते पदार्थ निघू शकतात याचा, डेटा मागा. प्राणिजन्य घटक नसल्याचं पत्रही घ्या आणि होजवर लॉट नंबर छापलेला आहे ना, ते पाहा. यावर सप्लायर गडबडला, तर त्याच्या स्वस्ताईचं कारण कळेल.

प्रश्न: कुरकुंभच्या एपीआय (औषधाचा मूळ सक्रिय घटक) प्लांटमध्ये आम्ही टोल्युइन या सॉल्व्हंटसाठी सिलिकॉन होज लावला होता. तो फुगला आणि ट्राय-क्लॅम्पपाशी (पाइप जोडायच्या सॅनिटरी क्लॅम्पपाशी) सैल पडला. होजच निकृष्ट होता का?

उत्तर: होज चांगला असेल, पण जागा चुकली. टोल्युइन, हेक्झेन, डायक्लोरोमिथेन ही सॉल्व्हंट्स सिलिकॉन शोषून घेतं. ईपीडीएम या रबराला वाफ आणि कॉस्टिक छान सोसतं, पण टोल्युइनमध्ये तेही फुगतं. इथे पीटीएफई (टेफ्लॉन) लायनरचाच, म्हणजे आतून त्याचा थर असलेलाच, होज हवा.

मात्र तो मागवताना फक्त ‘पीटीएफई’ लिहून थांबू नका. साधं पांढरं पीटीएफई विजेचं पक्कं इन्सुलेटर आहे आणि टोल्युइनही वीज जवळजवळ वाहून नेत नाही. जोरात पंप केलं की लायनरच्या आतल्या पृष्ठभागावर स्टॅटिक चार्ज साठतो. तो लायनर फोडून बाहेरच्या स्टीलच्या जाळीकडे उडी मारू शकतो आणि सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. होजची दोन्ही टोकं अर्थ केली तरी मधल्या लायनरवरचा चार्ज निघून जात नाही. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानापासून त्याची वाफ पेट घेऊ शकते ते) सुमारे ४ अंश सेल्सिअस आहे, म्हणजे पुण्याच्या थंडीतसुद्धा त्याच्या वाफेला ठिणगी पुरेशी होते. कार्बन ब्लॅक मिसळलेला अँटिस्टॅटिक लायनर मागा, वर अर्थिंग कराच. काळा लायनर पाहून क्यूएवाले (गुणवत्ता विभागातले लोक) कणांची शंका काढतील आणि ती रास्तच आहे. त्यांना चाचणीचे कागद दाखवा, पण त्यासाठी पांढऱ्यावर परतू नका.

आतून गुळगुळीत लायनर घ्या. नागमोडी होज सहज वाकतो खरा, पण प्रत्येक वळीत द्रव राहतो.

प्रश्न: हडपसरला बफर (आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण) ट्रान्सफरचे सिलिकॉन होज आम्ही १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करतो, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करतो. किती सायकल्सनंतर बदलायचे?

उत्तर: सगळ्यांना लागू पडेल असा आकडा नाही. तो तुमच्या व्हॅलिडेशनमधूनच, म्हणजे तुमच्याच प्रक्रियेवर केलेल्या चाचण्यांमधून, काढावा लागतो. प्रत्येक होजला टॅग लावून सायकल्स मोजा. चिकटपणा, कडकपणा, भेगा, फिटिंगपाशी सैलपणा, यांतलं एकही दिसलं तर आकडा गाठायची वाट पाहू नका. ऑटोक्लेव्हमध्ये होज मुडपून कोंबला तर वाफ आतपर्यंत पोहोचत नाही, घडी पडते ती वेगळीच. पेरिस्टाल्टिक पंपातल्या (रोलरने होज दाबून द्रव ढकलणाऱ्या पंपातल्या) तुकड्याचा हिशोब निराळा ठेवा: रोलरखाली तो झिजतो आणि त्याचे बारीक कण थेट बफरमध्ये जातात.

प्रश्न: हार्डवेअरच्या दुकानातली स्क्रूची क्लिप लावून बार्बवर (खाचा असलेल्या नळीच्या टोकावर) होज बसवला तर?

उत्तर: उत्पादनाच्या लाइनला नको. तिथे क्लिप सगळीकडून सारखी आवळत नाही, बार्ब आणि होजच्या मधे फट राहते आणि सीआयपी (लाइन न उघडता आतून केलेली धुलाई) तिथवर नीट पोहोचत नाही. त्यातून होज तुम्हीच कापलेला असेल, तर उघड्या टोकातून आतली पॉलिस्टरची वीण द्रव शोषून घेते. ट्राय-क्लॅम्प टोकं क्रिंप करून (मशिनने दाबून) बसवलेली, प्रेशर टेस्ट केलेली जोडणीच मागवा. लांबी मात्र आधी मशिनजवळ उभं राहून मोजा, ड्रॉइंगवरून नको.