प्रभातफेरी झाली, झाडं लावली. आता शाळेचं लाईट बिल मागा

तुमचा प्रश्न मला असा कळला: नाशिकरोडच्या शाळेत नववीत आहात, राष्ट्रीय हरित सेनेचा (शाळेतल्या पर्यावरण मंडळाचा) गट आहे, ५ जूनला पर्यावरण दिनी फेरी काढली, रोपं लावली. आता हवामान बदलावर खरोखर उपयोगी पडेल असं काही करायचं आहे, पण मुख्याध्यापक म्हणतात, "एका शाळेने काय फरक पडणार?" शाळांबरोबर या कामात बरीच वर्षं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत स्पष्ट आहे. पोस्टर, घोषणा, निबंध स्पर्धा आता पुरे. जे मोजता येईल आणि वर्षभर टिकवता येईल असं एकच काम शाळेच्या आवारात धरा. सुरुवात लाईट बिलापासून करा.

तुमच्याकडच्या एखाद्या गच्चीवरून एकलहऱ्याच्या वीज केंद्राची धुराडी दिसत असतील. ६३० मेगावॅटचं ते केंद्र कोळशावर चालतं. तुमच्या वर्गात नेमकी तिथलीच वीज येते असं नाही, सगळी वीज ग्रिडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यात, एकत्र होते. पण देशाची सरासरी धरली तरी एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. नववीच्या गणितात बसेल इतका सोपा हिशेब आहे हा.

ऑफिसमधल्या क्लार्ककाकांकडे मागच्या बारा महिन्यांची महावितरणची बिलं मागा आणि महिन्यागणिक युनिट एका तक्त्यात उतरवा. मग दोघादोघांच्या जोड्या करून आठवडाभर शाळा फिरा. मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात किती पंखे फिरतात, शाळा सुटल्यावर संगणक कक्षातला यूपीएस चालू राहतो का, टाकी भरून वाहायला लागल्यावर मोटर किती वेळाने बंद होते, हे वहीत वेळेसकट लिहा. पाण्याच्या कूलरकडे मुद्दाम बघा. अनेक शाळांमध्ये तो शनिवारी दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत कुणासाठीही नसलेलं पाणी गार करत बसतो. शिपाईमामांना या कामात पहिल्या दिवसापासून घ्या; कुठलं बटण कुठे आहे आणि कोण बंद करत नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्यांच्यावर पाळत ठेवल्यासारखं मात्र होऊ देऊ नका.

आता पंखे. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) ३० वॅटच्या आसपास. शाळेत ४० पंखे सहा तास चालले तर रोजचे १८ युनिट होतात, नव्या पंख्यांवर ७.२. शाळेचे २२० दिवस धरले तर वर्षाला सुमारे २,४०० युनिट वाचतात, म्हणजे दीड टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड. पण लगेच सगळे पंखे बदलायची मागणी करू नका. एका पंख्यामागे वर्षाला ६० युनिटसुद्धा वाचत नाहीत. दहा रुपये दर धरला तरी सहाशे रुपयांच्या आत. पंखा तीन हजारांच्या घरात असेल तर पैसे वसूल व्हायला पाच वर्षं लागतात. म्हणून मागणी अशी ठेवा: जो पंखा जळेल, त्याच्या जागी बीएलडीसीच यावा. फुकटात होणारी बचत, म्हणजे कूलर, रिकामे वर्ग, मोटर, ती या महिन्यापासूनच.

जूनमध्ये लावलेली रोपं मेमध्ये मरतात, कारण तेव्हा शाळेला सुट्टी असते. एवढं एकच कारण बहुतेक ठिकाणी पुरतं. त्यामुळे आत्ताच शाळेपासून चालत येण्याच्या अंतरावर राहणाऱ्या मुलांची यादी करा आणि उन्हाळी सुट्टीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवा. जेवढी रोपं त्या पाळ्यांत जगवता येतील तेवढीच पुढच्या वर्षी लावा, मग ती दहाच का असेनात. कडुनिंब, करंज, बहावा, उंबर अशी इथली झाडं घ्या. नाशिकच्याच फाशीच्या डोंगरावर स्थानिक झाडांची देवराई उभी राहिली आहे, ती एकदा जाऊन बघा; कुठली झाडं इथल्या मुरमाड जमिनीत तग धरतात ते दिसेल.

पालापाचोळा पेटवणं तर आजच थांबवा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळायला बंदी केली आहे. तारेच्या जाळीचा गोल पिंजरा करा, पाला दाबून भरा, थरांवर शेणकाला शिंपडा, ओल टिकवा. काही महिन्यांत झाडांनाच घालायला खत मिळतं.

राहिला मुख्याध्यापकांचा प्रश्न. तो रास्त आहे, त्याला उलट उत्तर देऊ नका. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस निफाड भागात गारपिटीने द्राक्षबागा झोपल्या. तुमच्या वर्गात कुणाचे मामा-काका तिकडचे असतीलच. त्या एका गारपिटीचं खापर थेट हवामान बदलावर फोडता येत नाही. पण हवा एका अंशाने तापली की ती सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, आणि पाऊस कोसळतो तेव्हा जोरात कोसळतो, हे भौतिकशास्त्र पक्कं आहे. तुमची शाळा ते एकटी थांबवणार नाही, हे त्यांच्यासमोर मान्य करा. मग सांगा की आपल्या संस्थेच्या अनेक शाळा आहेत आणि पंखे, मोटर, कूलरची खरेदी संस्थेच्या कार्यालयातून होते. एका शाळेचा वर्षभराचा खरा तक्ता तिथल्या टेबलावर गेला तर खरेदीचा नियम सगळ्याच शाळांसाठी बदलू शकतो. संस्थेची एकच शाळा असेल तर हाच तक्ता पालक-शिक्षक संघापुढे ठेवा. संस्थाचालक आकडे वाचतात, आणि रुपयांचा रकाना असला की शेवटपर्यंत वाचतात.

अजून एक. पुढच्या वर्षी तुम्ही दहावीत जाल, तेव्हा घरून आणि शाळेतून हे सोडायला सांगतील. म्हणून आत्ताच आठवीतली चार-पाच मुलं जोडीला घ्या, मोजायला त्यांनाच पुढे पाठवा. वही हरित सेनेच्या बाईंकडे किंवा सरांकडे कपाटात ठेवा, घरी नेऊ नका. बिलांचा तक्ता तयार झाला की इथे टाका, कुठे पाणी मुरतंय ते मिळून बघू.