दोन झीऑनचा जुना रॅक की नवा टॉवर?

ताई, तुमच्या इचलकरंजीच्या हिशेबाच्या ऑफिसचं वर्णन वाचलं. ९ पीसी, २ लॅपटॉप, टॅली गोल्ड (एका ऑफिसात अनेकांनी वापरायचं हिशेबाचं सॉफ्टवेअर), सगळ्या पार्ट्यांचा डेटा एका मुलीच्या मशीनवर आणि ती रजेवर असली की कुणीतरी जाऊन तिचा पीसी चालू करून ठेवायचा. हे चित्र मला पाठ आहे. तुमच्याकडे दोन कोटेशन आलीत: दोन झीऑन (सर्व्हरसाठी बनवलेले प्रोसेसर) आणि ६४ जीबी रॅमचा जुना रॅक सर्व्हर ४८ हजारांत, आणि १६ जीबीचा नवा टॉवर त्याच्या जवळपास तिप्पट किमतीत. जास्त रॅम कमी पैशांत मिळतेय तर जुना का नको, असं तुम्ही विचारलंय.

नको, कारण त्या दोन प्रोसेसरांना तुमच्याकडे कामच नाही. शेअर केलेल्या फोल्डरमधली कंपनी, म्हणजे एका पार्टीची पुस्तकं, तुम्ही आपल्या टेबलावरून टॅलीत उघडता, तेव्हा हिशेबाची मेहनत तुमच्याच टेबलावरचा पीसी करतो. सर्व्हर फक्त फायली काढून देतो आणि परत ठेवतो. म्हणजे त्याचा प्रोसेसर बहुतेक वेळ बसून असतो. कस लागतो तो डिस्कचा आणि वायरीचा. शिवाय तो रॅक दिवसरात्र दीडशे वॅट खातो असं धरलं तरी महिन्याला १०८ युनिट झाली. आणि आवाज! ती मशीनं बंद सर्व्हर रूमसाठी बनवलेली असतात, त्यांचे बारके पंखे शिट्टी मारल्यासारखे वाजतात. क्लायंट समोर बसलेला असताना ते सहन होणार नाही. बाहेरच्या लूमच्या आवाजात खपून जाईल म्हणत असाल तर वेगळी गोष्ट.

सर्व्हर निवडताना मी मालकांना एकच विचारतो: हा बंद पडला तर त्याच्याविना किती तास चालेल? जीएसटी रिटर्नच्या आदल्या दिवशी मदरबोर्ड गेला, तर जुन्या रॅकचा बोर्ड शोधायला तुमचा वेंडर मुंबईला फोन लावत बसेल. नव्या टॉवरबरोबर ३ वर्षांची, इंजिनियर जागेवर येऊन पार्ट बदलण्याची वॉरंटी मिळते. जास्तीचे पैसे मुख्यतः त्याचे आहेत. मात्र इंजिनियर ‘दुसऱ्या कामाच्या दिवशी’ येणार ही अट तुमच्या पिनकोडला लागू आहे का, हे लेखी घ्या. तोंडी सगळेच हो म्हणतात.

तेव्हा टॉवर घ्या. डेल पॉवरएज टी१६०, एचपीईचा एमएल३० जेन११, लेनोवोचा एसटी५० व्ही३ हे तिन्ही याच वर्गातले. ज्याचा इंजिनियर तुमच्या गावाला जवळ, तो घ्यावा. एक झीऑन ई, १६ जीबी ईसीसी (बारीक चुका स्वतः सुधारणारी) रॅम पुरे. पैसे वाचले तर ते डिस्कवर घाला: ४८० जीबीच्या दोन सर्व्हर एसएसडी (फिरता भाग नसलेल्या वेगवान डिस्क), रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. कोटेशनमध्ये साध्या फिरत्या हार्ड डिस्क दिसल्या तर त्या बदलून मागा. टॅली बारीक बारीक वाचन करत राहतं, तिथे फिरती डिस्क दमते.

विंडोज सर्व्हर स्टँडर्ड घेतलं तर प्रत्येक युजरचं किंवा मशीनचं वेगळं लायसन्स, म्हणजे कॅल, लागतं. तुमच्या आकाराला त्याचंच छोटं रूप, इसेन्शियल्स, बसतं: २५ युजर आणि ५० मशीनपर्यंत कॅल लागत नाही. ते सर्व्हरबरोबरच मिळतं, म्हणून ऑर्डर देतानाच सांगा. बजेट फारच ताणलं जात असेल तर एक चांगला पीसी विंडोज ११ प्रो घालून फक्त डेटासाठी बाजूला ठेवला तरी चालेल. त्याला एका वेळी २० मशीन जोडता येतात. फक्त त्याच्यावर कुणी बसायचं नाही, ही अट पाळली जात नाही हा माझा अनुभव. नॅसबद्दलही (नेटवर्कला जोडायची डिस्कपेटी) विचारलंय. बॅकअपला उत्तम. पण टॅलीचं लायसन्स कुठल्या तरी विंडोज मशीनवरच राहणार आणि ते मशीन चालू ठेवावंच लागणार, मग मूळ दुखणं तसंच राहतं.

बॅकअपवर जरा जास्त लिहितो, कारण इथे मी स्वतः तोंडावर पडलोय. २०१९ च्या मार्चअखेरीस एका सूत व्यापाऱ्याकडे. मालकांना घरून टॅली बघायचं होतं, म्हणून राउटरमध्ये ३३८९ पोर्ट, म्हणजे बाहेरून रिमोट डेस्कटॉप घ्यायचं दार, मीच उघडं ठेवलं होतं. सोमवारी सकाळी सगळा डेटा कुलूपबंद आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी एक टेक्स्ट फाइल. रेड १ होतं, पण रेड म्हणजे आरसा. एका डिस्कवर जे बिघडलं तेच दुसरीवर. बॅकअपची यूएसबी डिस्क सर्व्हरच्या मागे कायमची खोचलेली, तीही गेली. वाचवलं ते दिवाणजींनी. ते दर शनिवारी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन, डब्याच्या पिशवीत टाकून घरी नेत. त्यांना त्याचं कारण विचारलं तर म्हणाले, "पूर्वी वह्या नेत होतो." गेला तो फक्त त्या शनिवारनंतरचा डेटा.

तुमच्याकडे दोन यूएसबी डिस्क ठेवा, एक दिवसाआड बदला, लावलेली नसेल ती घरी. तिसरी प्रत क्लाउडवर. तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांची पुस्तकं ठेवता, त्यांच्यासाठी ऑगस्ट २०२२ च्या नियमबदलापासून भारतातल्याच सर्व्हरवर रोजचा बॅकअप बंधनकारक आहे, तेव्हा क्लाउडवाल्याला डेटा कुठे राहतो ते विचारून घ्या. आणि महिन्यातून एकदा एखादी कंपनी दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून ताळेबंद उघडून बघा. घरून काम करणाऱ्या दोघांना व्हीपीएन द्या, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसात येणारी बंदिस्त वाट. त्यातून ते ऑफिसातल्या आपापल्या पीसीवर रिमोट घेतील. त्यासाठी त्या पीसींवर विंडोज प्रो हवं. सर्व्हरवर कुणाला लॉगिन द्यायची गरज नाही.

विजेचं थोडक्यात. १ केव्हीएचा यूपीएस फक्त सर्व्हर, स्विच (सगळ्या नेटवर्क केबल जिथे जोडतात तो डबा) आणि राउटरला. त्याच्या खोक्यात एक यूएसबी केबल येते, ती दहातल्या नऊ ऑफिसांत खोक्यातच राहते. ती सर्व्हरला जोडून सॉफ्टवेअर टाकलं नाही, तर बॅटरी संपत आल्याचं सर्व्हरला कळत नाही आणि तो चालू फाइल अर्धी टाकून धाडकन बंद होतो. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थिंगमधला व्होल्टेज मोजून घ्या, ३ व्होल्टच्या आत हवा.

आता हे सगळं विकत घेण्याआधीचं. "टॅली उघडायला खूप वेळ लागतो" असं तुम्ही लिहिलंय, त्याचं कारण सर्व्हर नसूही शकेल. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात. १०० एमबीपीएसला नारिंगी आणि हिरव्या जोडीवर भागतं, म्हणून जुन्या क्रिम्पिंगमध्ये (केबलला टोकाचा प्लग बसवताना) निळी आणि तपकिरी जोडी कापून टाकलेली मी कित्येकदा पाहिलीय. गिगाबिटला, म्हणजे १ जीबीपीएसला, आठही लागतात. सेकंदाला ११० एमबीच्या आसपास यायचं तिथे ११ येतात, मग सर्व्हर कितीही भारी आणा. आणि लॅपटॉप वायफायवर ठेवून टॅली वापरत असाल तर ते आजच थांबवा. मधेच सिग्नल तुटला की डेटा खराब होतो.

सोमवारी ऑफिस उघडलं की प्रत्येक पीसीवर नेटवर्क कनेक्शनमध्ये इथरनेटच्या स्टेटसमध्ये जाऊन स्पीड बघा. १ जीबीपीएस आहे की १०० एमबीपीएस, एवढंच कागदावर मशीनवार लिहून इथे टाका. स्विचच्या मागचा मॉडेल नंबरही. मग टॉवरची ऑर्डर या महिन्यात द्यायची की आधी वायरमन बोलवायचा, ते सांगतो.