ट्रोलिंग करताना प्लेनर बोर्ड लावूनही दोर का गुंततात?

तुम्ही विचारले आहे की, ट्रोलिंग करताना, म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढत मासेमारी करताना, चार रॉडना प्लेनर बोर्ड (दोराला अडकवलेली, तो होडीपासून बाजूला नेणारी तरंगती फळी) लावूनही वळताना दोर एकमेकांत अडकतात आणि गळाला लागलेला मासा बोर्ड काढताना सुटतो, तर चूक कुठे होत असावी. माझ्या मते दोष बोर्डाचा नसून होडीच्या वेगाचा आहे.

बोर्डाला स्वतःचे बळ नसते. होडी पुढे सरकते तेव्हा त्याच्या तिरक्या तोंडावर पाण्याचा दाब येतो आणि तो बाजूला लोटला जातो; वाऱ्यात पतंग जसा ताणलेल्या मांज्यावरच उभा राहतो, तसेच हे आहे. उथळ, नितळ पाण्यातले मासे होडीच्या सावलीपासून आणि इंजिनाच्या आवाजापासून बाजूला सरकतात, त्यामुळे आमिष त्यांच्यापर्यंत पोहोचवायला या फळीइतके सोपे साधन दुसरे नाही. मात्र वेग मोडला की ताण जातो, आणि ताण गेला की बोर्ड जागच्या जागी तरंगत राहतो.

वळताना नेमके हेच घडते. आतल्या बाजूचा बोर्ड मंदावतो, बाहेरचा वेग घेतो, आणि वळण आखूड असेल तर आतला दोर पार ढिला पडून शेजारच्या दोरावर जातो. म्हणून वळण भरपूर मोठे घ्यावे. (वळणावर आतल्या रॉडला मासा लागला तर वेग कमी करून पाहावा आणि बाहेरच्या रॉडला लागला तर वाढवून; हा इशारा मला फार उपयोगी पडला आहे.)

दोर सोडताना सर्वांत बाहेरचा बोर्ड आधी सोडावा. आमिष होडीमागे साधारण 20 ते 30 मीटर गेले की दोर बोर्डाच्या क्लिपमध्ये अडकवावा आणि मग बोर्ड हळूहळू बाजूला जाऊ द्यावा. वरच्या थरात चालणारी आमिषे बाहेर आणि खोल जाणारी आत ठेवावीत, कारण मासा लागलेला बाहेरचा बोर्ड मागे पडतो आणि तो दोर आतल्या दोरांच्या मागून, त्यांच्या वरून आणता येतो. वेणीचा दोर क्लिपमधून सरकतो, तेव्हा तो क्लिपमध्ये अडकवण्यापूर्वी त्याला काही पीळ द्यावेत. डावा आणि उजवा बोर्ड वेगळा असतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच.

आता मासा सुटण्याविषयी. पहिला मोठा मासा लागला तेव्हा मी आनंदाच्या भरात इंजिनच बंद केले. उरलेले तिन्ही बोर्ड होडीमागे गोळा झाले, दोरांचा गुंता सुरीने कापावा लागला, आणि मासा अर्थातच गेला. तेव्हापासून मी मासा लागला तरी होडी ताशी 2 किलोमीटरच्या आसपास चालती ठेवतो. रॉड मागेपुढे न झुलवता एकसारखे रीळ फिरवत राहावे आणि बोर्ड हाताशी आला की सोबत्याने तो क्लिपमधून सोडवावा. त्या दोन-तीन सेकंदांत रॉडचे टोक खाली गेले तर दोर सैल होतो, आणि तुमचे मासे बहुधा त्याच क्षणी सुटत असावेत.