वाचक विचारतात : 600 घोडे आणि सव्वादोन टन

ह्या खेपेला आलेल्या पत्रांत निम्म्याहून जास्त एकाच जातीच्या गाड्यांबद्दल आहेत : मोठ्या, महागड्या आणि अंगाच्या मानाने भलत्याच वेगवान एसयूव्ही. त्यामुळे बाकीची पत्रं मागे ठेवून ह्यांचाच निकाल लावते. मी गाड्या तपासून देते, विकत नाही. तेव्हा ‘घ्या’ म्हटलं काय आणि ‘नको’ म्हटलं काय, माझ्या खिशात फरक पडत नाही.

प्रश्न : ताई, माझ्या बजेटमध्ये एक तर चार सिलिंडरची कोरी लक्झरी एसयूव्ही बसते, नाहीतर सात वर्षं वापरलेली बीएमडब्ल्यू एक्स5 एम. एकच मालक, रनिंग 62,000 किलोमीटर. मित्र म्हणतात, एवढ्या पैशात असं इंजिन पुन्हा मिळायचं नाही. घेऊन टाकू?

मित्रांचं खरं आहे. फक्त पुढची बिलं मित्र भरणार नाहीत.

सात वर्षांत ह्या गाडीची किंमत उतरली. तिच्या टर्बोची, डिस्कची, शॉक अ‍ॅब्सॉर्बरची उतरली नाही. गाडी सेकंडहँड होते, खर्च मात्र फर्स्टहँडच राहतो. म्हणून सगळं बजेट गाडीतच ओतू नका. माझा अंदाज असा की खरेदीच्या रकमेचा पाचवा हिस्सा पहिल्या वर्षासाठी बाजूला पडून असला पाहिजे. तो काढून ठेवल्यावर एक्स5 एम परवडत नसेल, तर ती परवडत नाही. पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

परवडत असेल तर ऐका. एक्स5 एम 2009 साली आली तेव्हापासून तिच्यात व्ही-8 (चार-चारच्या दोन रांगांत आठ सिलिंडर) आणि दोन टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे) आहेत, आणि ते टर्बो सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खोबणीत बसवले आहेत. त्यामुळे पिकअप झटकन मिळतो. पण इंजिनातली सगळ्यात तापणारी वस्तू बरोबर मधोमध आली, आणि आजूबाजूचे रबरी पाइप, प्लॅस्टिकचे जोड, व्हॉल्व्हची सीलं वर्षानुवर्षं भाजून निघतात. सीलं कडक झाली की इंजिन ऑइल खायला लागतं.

हे तपासायला गॅरेज लागत नाही. गाडी चांगली तापू द्या, मग दहा मिनिटं नुसती आयडलिंगवर उभी ठेवा. एकाने आत बसून अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून सायलेन्सरकडे बघायचं. निळसर धुराचा लोट आला तर सीलं गेली. ह्या इंजिनात ते काम संध्याकाळपर्यंत होणारं नाही.

ह्याच्या उलट एक परीक्षा थंड इंजिनावर. बघायला जाताना मालकाला आधीच सांगा, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोहोचल्यावर आधी बोनेटवर हात ठेवा, नमस्कार-चमत्कार नंतर. बोनेट गरम लागलं तर चहा नको म्हणा आणि दुसऱ्या दिवशी या. गार इंजिन चालू होतानाची पहिली काही सेकंदं फार बोलकी असतात : चेनची खडखड, मिसफायर (एखाद्या सिलिंडरने मधूनच पेट न घेणं), धूर, सगळं तेवढ्यातच कळतं, नंतर झाकलं जातं.

‘एकच मालक’ हे मी गुणांत धरत नाही. एकच माणूससुद्धा सलग सात वर्षं हलगर्जीपणा करू शकतो. वर्षाला जेमतेम नऊ हजार किलोमीटर म्हणजे बहुधा छोट्या फेऱ्या, म्हणजे ऑइल पुरतं तापायच्या आत इंजिन बंद. सर्व्हिसच्या नोंदींत किलोमीटर बघण्यापेक्षा तारखा बघा. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदललंय का? आणि बीएमडब्ल्यूच्या एम, म्हणजे जास्त ताकदीच्या, गाड्यांना 2,000 किलोमीटरवर इंजिन रुळल्यानंतरची एक सर्व्हिस असते, ती नोंद शोधा. पहिल्या मालकाने तीसुद्धा केली नसेल, तर पुढचं काय केलं असेल ह्याचा अंदाज येतो.

नोंदी पूर्ण असतील, धूर नसेल, पैसे बाजूला असतील, तर घ्या. कोरी चार सिलिंडरची आयुष्यभर त्रास देणार नाही, पण तुमचं पत्र वाचून वाटतं, तुम्ही तिच्यात बसून रोज दुसरीचाच विचार कराल.

प्रश्न : जुनी ऑडी आरएस क्यू8 बघतोय. लहान टेस्ट ड्राइव्ह मिळेल. शंभरचा वेग किती सेकंदांत येतो ते मोजावं का?

नको. ती गाडी चार सेकंदांच्या आत शंभर गाठते, हे कंपनीने मोजून ठेवलंय. तुम्ही मोजून नवीन काय कळणार? हिशोब करायचा तो वजनाचा. साधारण सव्वादोन-अडीच टनांची गाडी आहे, आणि वेग 100 वरून 140 केला की थांबवायची ऊर्जा जवळपास दुप्पट होते. ह्या गाड्यांत इंजिन सहसा टिकतं. झिजतं ते सगळं वजन पेलणारं आणि वजन रोखणारं : ब्रेक, टायर, सस्पेन्शनचे बुश (रबरी जोड) आणि आर्म (चाक धरणारे दांडे). मला तपासायला सांगितलं तर मी बोनेट शेवटी उघडते.

आधी चारही टायर. चारही एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि साधारण सारखे झिजलेले हवेत. कंजूषपणाचा प्रश्न नाही. झीज वेगवेगळी असली की चाकांचा घेर बदलतो, पुढची आणि मागची चाकं वेगळ्या गतीने फिरतात, आणि तो फरक फोर-व्हील-ड्राइव्हची यंत्रणा रात्रंदिवस गिळत राहते. पुढे दोन नवे, मागे दोन गोटा झालेले, असा संसार दिसला तर त्या यंत्रणेतल्या क्लचचीही झीज धरून चाला. टायरच्या बाजूला चार आकडे असतात : 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. नक्षी शाबूत पण आकडा सात वर्षांपूर्वीचा असेल तर ते टायर फक्त दिसायला आहेत. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरची आतली कड बघा. मागच्यांसाठी खाली वाकून टॉर्च मारा. बाहेरून देखणा आणि आतून तारा निघालेला टायर ह्या जातीत वारंवार भेटतो.

मग मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला, अगदी हळू गोल फेरी. नंतर दुसऱ्या बाजूला. पायाखाली हिसके बसले, चाकं अडखळल्यासारखी वाटली, तर आधी टायर आणि मग ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) ह्यांच्याकडे संशयाने बघा. टायरचा दाब चुकीचा असला तरी असं होतं, म्हणून लगेच भांडू नका. त्यानंतर मध्यम वेगात अ‍ॅक्सिलरेटर नुसता स्पर्श केल्यासारखा दाबून चाला. जोरात पळवली की दोष लपतात, अशा हलक्या पायाने ते बाहेर येतात. 2010 पासूनच्या दुसऱ्या पिढीच्या पोर्शे केयेनमध्ये ट्रान्सफर केसची तक्रार पुष्कळांनी अशीच, हलक्या अ‍ॅक्सिलरेटरवरच्या धक्क्यांवरून ओळखली.

खराब रस्त्याचा एक तुकडा शोधा आणि रेडिओ बंद ठेवा. विक्रेता शेजारी बसून गाडीची स्तुती करत असेल तर त्याला मागे बसवा.

शेवटी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोष वाचणारं यंत्र. दोषांच्या नोंदी कोऱ्या आल्या म्हणून खूश होऊ नका, त्या पुसायला दोन मिनिटं लागतात. पण पुसल्यावर गाडीच्या सेल्फ-टेस्टही कोऱ्या होतात आणि काही अंतर चालल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. नोंद एकही नाही आणि सेल्फ-टेस्ट अपूर्ण, म्हणजे काल संध्याकाळी कुणीतरी पाटी पुसली आहे. किलोमीटरचा आकडा डॅशबोर्डखेरीज इतर कंट्रोल युनिटांतही सापडतो. तो जुळवून बघायला सांगा.

प्रश्न : पाहिलेल्या गाडीचं एअर सस्पेन्शन ‘एकदम ओके’ आहे असं मालक म्हणाला. पण सकाळी मागची डावी बाजू जरा बसलेली दिसली. चालू केल्यावर वर आली. दुर्लक्ष करू का?

तुमच्या डोळ्यांना दिसलं तेच खरं, मालकाचं नाही.

एअर सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगच्या जागी हवेचे रबरी फुगे असतात, आणि ती बाजू रात्रभर हवा सोडतेय. फुग्याचं रबर घडीच्या जागी तडकतं आणि तिथून हवा पाझरते, किंवा पाइपचा जोड सैल असतो. इथवर खर्च सोसण्यासारखा आहे. पण गळती भरून काढायला हवा भरणारा कंप्रेसर रोज जास्त वेळ फिरतो, तापतो, आणि एक दिवस जळतो. मालक कंप्रेसर बदलतो, फुगा तसाच ठेवतो. मग नवा कंप्रेसरही त्याच वाटेने जातो. तुमच्या विक्रेत्याकडे कंप्रेसरचं बिल निघालं आणि फुग्याचं नाही निघालं, तर ते बिल कौतुकाने दाखवलं जाईल, तुम्ही मात्र घाबरा.

खात्री करायची तर संध्याकाळी गाडी सपाट जागी, सगळ्यात उंच सेटिंगवर उभी करा. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) कडेपर्यंत टेपने मोजा, आकडे लिहा, गाडी लॉक करा. सकाळी दार उघडण्यापूर्वी पुन्हा मोजा. दार उघडलं की काही गाड्या स्वतःच पातळी सावरू लागतात. चारही बाजू थोड्या सारख्या उतरल्या तर चालेल. एकच बाजू दोन बोटं खाली गेली असेल, तर तो आकडा घेऊनच किमतीच्या बोलणीला बसा. मग चालू करून सगळ्यात खालच्या सेटिंगवरून सगळ्यात वर न्या. रेंगाळत, कण्हत वर आली तर कंप्रेसरही दमलेला आहे.

प्रश्न : डीलर म्हणतो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल ‘लाइफटाइम’ आहे, बदलायचं नाही.

कुणाचा लाइफटाइम, ते विचारा. बीएमडब्ल्यूपासून लँड रोव्हरपर्यंत अनेकांना आठ गिअरचा ऑटोमॅटिक पुरवणारी झेडएफ स्वतः साधारण 80,000 ते 1,20,000 किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. बदला.

प्रश्न : मी पंचविशीतला आहे. पहिल्या पिढीची केयेन टर्बो, 2004 चं मॉडेल, हास्यास्पद किमतीत मिळतेय. आई म्हणते वेडा आहेस. काकू, तुम्ही काय म्हणाल?

आईंना माझा नमस्कार सांगा.

केयेन 2002 साली आली तेव्हा पोर्शेने एसयूव्ही करावी की नाही ह्यावर लोक हमरीतुमरीवर येत होते. आज तिची ती पिढी मला आवडते. पण तुमच्या 4.5 लिटरच्या व्ही-8 वर, इनटेकच्या (हवा आत घेणाऱ्या नळ्यांच्या) खाली, कूलंटचे (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचे) प्लॅस्टिकचे पाइप होते. उष्णतेने ते ठिसूळ होऊन फुटतात, कूलंट खाली स्टार्टरवर सांडतं, आणि गाडी रस्त्यात उभी राहते. पुढे त्याजागी अ‍ॅल्युमिनियमचे पाइप आले. ते बसवल्याचं बिल आहे का, हा तुमचा पहिला प्रश्न. दुसरं, वेग घेताना सीटखालून धडधड आली तर मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब शाफ्टच्या मधल्या बेअरिंगचं रबर फाटलंय. हे दोन्ही सुटण्यासारखे आजार आहेत. तिसरा मात्र तसा नाही : ह्या व्ही-8 मध्ये सिलिंडरच्या भिंतींना ओरखडे पडल्याची प्रकरणं झाली आहेत. इंजिन तापल्यावरही एका बाजूने टकटक आली, तर प्लग काढून आत कॅमेरा घालून बघितल्याशिवाय एक पैसाही देऊ नका. मालक त्याला नाही म्हणाला तर तेच उत्तर समजा.

रोज कामावर जायला ही एकच गाडी असेल, तर आई बरोबर आहेत. दारात दुसरी साधी गाडी असेल आणि हात काळे करायची हौस असेल, तर आईंची समजूत तुम्हीच घाला.

प्रश्न : जुन्या लॅम्बोर्गिनी उरुसवर कार्बन-सिरॅमिक ब्रेक आहेत. विक्रेता म्हणतो, आयुष्यभर बघायला नको. खरं?

साध्या रस्त्यावर जपून चालवलेल्या गाडीत ते खरोखर फार टिकतात. ट्रॅकवर तापवलेल्या गाडीत नाही. लोखंडी डिस्कसारखी फक्त जाडी मोजून ह्यांचा अंदाज येत नाही, कारण डिस्कमधला कार्बन जळत जातो आणि डिस्क हलकी होते. डिस्कची कड टॉर्च लावून बोटाने चाचपा. चाक काढता-घालता निष्काळजीपणे आपटलं तर कडेचा टवका उडतो, आणि एका टवक्यापायी अख्खी डिस्क बदलावी लागू शकते. ह्या कारणासाठी उरुसचं पंक्चर कुणाच्याही हाती देऊ नये.

प्रश्न : नवी घेतोय. 21 इंची रिम घेऊ की 23? बायकोला 23 आवडले आहेत.

वहिनी बरोबर आहेत, 23 देखणेच दिसतात. पण रिम वाढली की टायरची भिंत तेवढी कमी होते. पहिल्या खोल खड्ड्यात आधी टायर फुगतो, मग रिम वाकते. टेस्ट ड्राइव्हची गाडी कोणत्या रिमवर होती तेही बघा. शोरूमवाले कधीकधी चालवायला लहान रिमची देतात आणि फोटोत मोठ्या दाखवतात. तुम्ही मागवणार त्याच मापाची गाडी दोघांनीही चालवा, मागच्या सीटवर बसूनही एक फेरी मारा. आणि सही करण्यापूर्वी त्या मापाचे, तेवढं वजन पेलणारे टायर किती कंपन्या बनवतात ते शोधा. एक-दोनच निघाल्या तर 21.